पाटल्यांची गिटार

"आई, आधी हात धुऊन ये. आणि बांगड्या काढून ठेव!"

लेकीनं असं फर्मान सोडलं तेव्हा मी पोळ्या करत होते. हाताला कणीक, कपाळावर घाम. म्हटलं, बाई गं, देवघरात जायचं आहे की काय? बाहेर येऊन बघते तर दिवाणावर स्वच्छ चादर अंथरलेली, तिच्यावर काळी मोठी पेटी आणि पेटीत मखमलीवर निजलेली गिटार. माझ्या सासूबाई शेजारी खुर्चीत बसून तिच्याकडे टक लावून बघत होत्या. कारण त्या गिटारमध्ये त्यांच्या दोन पाटल्या होत्या.

म्हणजे झालं असं. माझी लेक सत्तावीस वर्षांची. आमच्या कोकणातल्या छोट्या गावात गिटारचे क्लास घेते. अठरा मुलं आहेत, त्यातल्या अकरा मुली. शिवाय लग्नातले संगीत कार्यक्रम, भावगीतांच्या मैफली, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, असं सगळं चालतं. इतकी वर्षं ती एका साध्या गिटारवर वाजवायची. कार्यक्रमात त्या गिटारसमोर माईक लावावा लागे. त्या माईकमध्ये गिटारपेक्षा शेजारचा ढोलकीवालाच जास्त ऐकू येई. ती जरा हलली की आवाज गायब. म्हणून तिला हवी होती इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार, म्हणजे नुसतीही वाजते आणि पोटात बसवलेल्या पिकअपमुळे वायर जोडून थेट स्पीकरवरही वाजते. तीही चांगल्यातली, आयुष्यभर पुरेल अशी.

किंमत ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला. एक लाख अठ्ठावन्न हजार! लेकीनं तीन वर्षं फीमधून साठवलेले एक लाखाच्या आसपास होते. उरलेल्यांसाठी ती कर्ज काढणार होती. तेव्हा सासूबाई उठल्या, आतून रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिच्या लग्नासाठीच ठेवल्या होत्या. लग्नाचं तिचं ती बघेल. हे तिच्या हाताचं काम आहे."

आता सांगा, असल्या पैशाची वस्तू घरी आल्यावर ती नुसती कौतुकानं बघून ठेवून द्यायची का?

माठ घेताना आपण काय करतो?

लेकीनं पुण्याहून एसटीनं गिटार आणली तेव्हा बिलाच्या मागं एक ओळ छापलेली होती. दहा दिवसांत दोष आढळला तर बदलून मिळेल, वापराच्या खुणा नसाव्यात. लेक म्हणाली, "आई, हे दहा दिवस माझ्या परीक्षेचे नाहीत, गिटारच्या परीक्षेचे आहेत."

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या माहेरून लग्नात मिरजेचा तानपुरा आलेला आहे आणि मी अजून रोज सकाळी त्याच्यासोबत अर्धा तास गाते. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते!) त्यामुळे लेक म्हणाली, "तुझे कान मला हवेत."

पहिली परीक्षा डोळ्यांची. लेकीनं टॉर्च घेतला आणि गिटारच्या गोल भोकाची कड मला दाखवली. तानपुऱ्याची जशी तबली, तसा गिटारचा वरचा पत्रा, त्याला टॉप म्हणतात. आवाजाचा मोठा भाग त्याच्यावर अवलंबून. स्वस्त गिटारचा टॉप प्लायवूडचा असतो आणि कडेला थर दिसतात, बिस्किटातल्या क्रीमसारखे. महागड्या गिटारला सलग लाकूड असतं. वरच्या रेषा कडेवरून खाली थेट उतरलेल्या दिसतात. आमच्या गिटारचा टॉप सिट्का स्प्रूसचा, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सूचिपर्णी झाडाचा. रेषा बारीक, सरळ, साडीच्या काठासारख्या.

आणि पाठ? पाठ चक्क आपल्या शिसवाची! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. पूर्वी गिटारवाल्यांचं आवडतं लाकूड ब्राझीलचं शिसव होतं. ते मिळणं अवघड होत गेलं तसे मार्टिनसारखे अमेरिकन कारखानदार १९६९च्या सुमारास भारतीय शिसवाकडे वळले. १९९२मध्ये तर ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदीच आली. आपल्याकडचं झाड सातासमुद्रापलीकडे जातं, त्याची गिटार होते आणि एसटीत बसून कोकणात येते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "माझ्या माहेरचा पलंग शिसवीच होता."

मग त्यांनी सवयीनं पाठीवर एक टिचकी मारली. लेक घाबरली, पण मग हसली. माठ घेताना आपण तेच करतो की! लेकीनं स्वतः बोटाच्या पेरानं हलकेच सगळीकडे वाजवून बघितलं. आतली एखादी पट्टी सुटली असेल तर त्या जागी खुळखुळ ऐकू येते. तसं काही नव्हतं.

दुसरी परीक्षा हाताची. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. त्यांची टोकं नीट घासलेली नसतील तर बोटांना लागतात. लेकीनं जुनी ओढणी घेऊन मानेच्या कडेवरून फिरवली. कुठं धागा अडकला नाही. मग सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून तिनं मानेचा बाक बघितला. अगदी किंचित बाक लागतोच, पण पीळ नको. तोही नव्हता.

मग तिनं शाळेतली पट्टी काढली आणि बाराव्या फ्रेटपाशी तार किती उंच आहे ते मोजलं. जाड सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अंतर चालतं, बारीक पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास. आमच्या गिटारची जाड तार तीनच्या वर, जवळजवळ सव्वातीन निघाली. लेकीच्या कपाळावर आठी पडली. तार उंच असली की दाबायला जोर लागतो आणि दोन तासांच्या कार्यक्रमात बोटं सोलवटतात. फार खाली असली तर ती फ्रेटवर आपटून करकरते. "हे मात्र सुधारता येतं," ती म्हणाली आणि वहीत लिहून ठेवलं.

कान खोटं बोलत नाहीत

तिसरी परीक्षा कानाची, वायर न जोडता. एकेक तार, एकेक फ्रेट. सहा तारा आणि वीस फ्रेट म्हणजे एकशेवीस जागा! रात्री टीव्ही बंद करून आम्ही दोघी बसलो. कुठं सूर दबतो का, कुठं करकरतो का, किती वेळ टिकतो. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजत होते.

मग सुराची परीक्षा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून छेडली की घंटेसारखा एक स्वर येतो. तीच तार तिथंच दाबून वाजवली की तोच स्वर यायला हवा. दोन्हींत फरक असेल तर खालच्या बाजूला गिटार जुळलेली आणि वरच्या बाजूला बेसूर, असा प्रकार होतो. फोनवरच्या ट्यूनरनं बघितलं. सहाही तारा पास!

आवाजाबद्दल काय सांगू? खर्जात भरदार, वरती स्वच्छ. एक सूर लावला की दुसरा लागेपर्यंत खोलीत राहायचा. मी डोळे मिटले तर मला माझा तानपुराच आठवला. म्हटलं, झालं! पाटल्या सत्कारणी लागल्या.

पण चौथी परीक्षा बाकी होती. तिच्यासाठीच तर एवढा खर्च केला होता.

वायर जोडली. अँपवरची सगळी बटणं मधोमध ठेवली, म्हणजे कशाला झाकता येऊ नये. लेकीनं सारख्या जोरानं एकेक तार वाजवली. पहिली, दुसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या खणखणीत. तिसरी तार मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. वायर काढली तर तिसरी तार अगदी बाकीच्यांसारखी. वायर जोडली की मागं.

लेकीचा चेहरा उतरला. मी काय म्हणाले असेन? तेच, जे आपण सगळ्या म्हणतो. "जाऊ दे गं. एवढं कोणाला कळतंय?"

ती काही बोलली नाही. सासूबाई मात्र बोलल्या. "तुझ्या शिलाई मशीनचं काय झालं होतं, आठवतं ना?"

आठवतं तर! पंचवीस वर्षांपूर्वी मी पहिल्या कमाईतून शिलाई मशीन घेतलं. पहिल्याच दिवसापासून ते धागा तोडायचं. दुकानदार म्हणाला, तुम्हाला चालवता येत नाही. मला वाटलं, असेल बाई, माझंच चुकत असेल. जाऊ दे. नऊ वर्षं मी त्या मशीनवर धागा ओवत बसले. पुढे एका मेकॅनिकनं उघडून दाखवलं, आतला एक भागच वाकडा बसवलेला होता. नऊ वर्षं!

"तुमच्याकडे कोणी जेन्ट्स आहेत का?"

लेकीनं मात्र शहाण्यासारखं केलं. आधी स्वतःची खात्री करून घेतली. गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, ती नवी घातली, कारण बॅटरी उतरली की आवाज बिघडतो. वायर बदलली. मैत्रिणीचा अँप आणून बघितला. तिसरी तार दबलेलीच. मग तिच्या गोव्याच्या सरांना फोन केला. सरांनी विचारलं, "पिकअप सॅडलच्या खाली आहे ना?"

हे मला नीट समजावून घ्यावं लागलं, ते तुम्हालाही सांगते. गिटारच्या ब्रिजमध्ये एक पांढरी हाडासारखी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. तानपुऱ्याच्या घोडीसारखंच तिचं काम. तारा तिच्यावर टेकतात. तिच्याखाली पिकअपची एक बारीक पट्टी असते. तिच्यावर दाब बदलला की तिच्यात सूक्ष्म वीज तयार होते आणि तीच पुढे आवाज होऊन स्पीकरमधून येते. अमेरिकेतल्या ओव्हेशन कंपनीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातूनच असे पिकअप बसवून गिटार विकायला सुरुवात केली. तेव्हापासून ही पद्धत रुळली. आता सॅडलची खालची बाजू जर अगदी सपाट नसेल, तर एखाद्या तारेखाली ती पिकअपवर नीट टेकत नाही. मग त्या तारेचा आवाज कमी. बस, एवढंच! माझ्या तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकला तरी जवारी बिघडते, तसंच हे.

लेकीनं दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, नवीन गिटार आहे, कानाला सवय व्हायला वेळ लागतो." मग म्हणाला, "तुम्ही जोर कमी देत असाल. मुलींची बोटं नाजूक असतात." आणि शेवटी, मी स्वतः ऐकलं, "तुमच्याकडे कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना द्या फोन."

आमचे हे तिथंच बसले होते. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मला काय देतेस? मला सा आणि रे सारखेच ऐकू येतात."

लेक फोनवर शांतपणे म्हणाली, "गिटार माझी आहे. बिल माझ्या नावावर आहे. मी सहाही तारा रेकॉर्ड केल्या आहेत, वायर जोडून आणि न जोडता. आत्ता पाठवते. परवा मी येते आहे, नववा दिवस आहे."

पाठ फिरवून बसलेली परीक्षक

आम्ही दोघी पहाटेच्या एसटीनं गेलो. गिटारची पेटी मांडीवर आडवी. दुकानात त्यांच्या कारागिरांना बोलावलं. साठीचे गृहस्थ, खिशाला पेन्सिल. त्यांनी वायर जोडली, सहा तारा एकदाच वाजवल्या आणि मान वर करून म्हणाले, "बरोबर आहे ताई. तिसरी दबतेय."

ते चार शब्द ऐकून मला माझं शिलाई मशीन आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

त्यांनी तारा सैल करून सॅडल काढली, सपाट लोखंडी पट्टीवर उभी धरून उजेडाकडे दाखवली. मधोमध खालून उजेडाची बारीकशी फट दिसत होती. त्यांनी नवी सॅडल घासून बसवली, तीही थोडी कमी उंचीची, म्हणजे तारांची उंचीही खाली आली. पट्टी लावली तर जाड तार अडीचवर. वायर जोडली. तिसरी तार अशी बोलली, की लेक मोठ्यानं हसलीच.

आता दुकानदार फारच गोड झाले. म्हणाले, "हवी तर बदलूनच घ्या. याच मॉडेलची दुसरी आहे." लेक विचारात पडली. दुरुस्त केलेली ठेवावी की कोरी घ्यावी? मी म्हटलं, "मी पाठ फिरवून बसते. तू दोन्ही वाजव."

तिनं क्रम बदलून बदलून सहा वेळा वाजवलं. सहापैकी पाच वेळा मी एकच निवडली. तिचा सूर जास्त वेळ रेंगाळत होता. वळून बघितलं तर ती आमचीच, पाटल्यांची! एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या दोन गिटारी, पण लाकूड वेगळं म्हणून आवाज वेगळा. बिलावर लेकीनं दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते लिहून घेतलं, सही-शिक्क्यासकट. आणि तीच गिटार मांडीवर घेऊन आम्ही परत आलो.

वाटेत लेकीनं मला अमेरिकेतल्या मेबेल कार्टर यांची गोष्ट सांगितली. डोंगराळ खेड्यातली बाई. १९२८मध्ये त्यांच्या हाती गिब्सन कंपनीची एल-५ गिटार आली. तिची किंमत होती २७५ डॉलर्स, त्या काळी केवढी तरी मोठी रक्कम. पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांनी त्याच गिटारवर केली. जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची त्यांची पद्धत पुढे कित्येक गिटारवाल्यांनी उचलली. म्हणजे कामाचं चांगलं हत्यार बाईच्या हाती पडलं, तर ते वाया जात नाही!

गिटार आता घरी रुळली आहे. पण कोकणातला पाऊस म्हणजे लाकडाचा वैरी. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आमच्याकडे जुलैत हवा पिळली तर पाणी निघेल. लाकूड फुगतं, टॉप वर येतो, तारांची उंची पुन्हा वाढते. म्हणून वाजवून झालं की गिटार पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. त्या यंत्राचा आकडा रोज सकाळी कोण बघतं माहीत आहे? सासूबाई! चहाच्या आधी पेटी उघडतात आणि ओरडतात, "अगं, साठ झालेत! पुड्या बदल!"

मैत्रिणींनो, तुमच्या घरी गिटार येईल न येईल. पण मुलीसाठी वाद्य घ्याल, स्वतःसाठी मशीन घ्याल, लॅपटॉप घ्याल, तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा:

* पेटी उघडतानाच फोटो किंवा व्हिडिओ काढा. बिल, वॉरंटी कार्ड जपा आणि वस्तूचा क्रमांक वहीत लिहा.
* बदलून देण्याची मुदत किती दिवसांची ते आधी विचारा आणि त्या दिवसांत वस्तू खरोखर वापरून बघा. कपाटात ठेवू नका.
* वायरवर वाजणारी गिटार असेल तर दोन्ही प्रकारे तपासा. बटणं मधोमध ठेवून सहाही तारा सारख्या ऐकू येतात का ते बघा.
* शंका आली तर आधी बॅटरी, मग वायर, मग अँप बदलून बघा. तरीही दोष राहिला तर तो गिटारचा.
* वाजवून झालं की वायर काढून ठेवा. ती तशीच राहिली तर बऱ्याच गिटारींची बॅटरी उतरत राहते.
* मानेतली सळई स्वतः पिळू नका. ते कारागिराचं काम.
* दोष तोंडी सांगू नका, मोजून, रेकॉर्ड करून, लिहून सांगा.

आणि "जाऊ दे" म्हणण्याआधी एकदा थांबा. कधीकधी खरंच जाऊ द्यायचं असतं. पण आधी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवून बघा. मी पुढच्या आठवड्यात शिवणाची सुई बदलायला दुकानात जाणार आहे, आणि या वेळी तिथंच बसून, चार टाके घालून बघितल्याशिवाय उठणार नाही!